तागालोग भाषेंतील संस्कृत शब्द व लगुना येथील ताम्रपट
(एक परीक्षण)

फिलिपाईन बेटें हा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांस कांहींसा दूरचा वाटेल. ताम्रपट, शिलालेख व जुने कागद यांत रमणारा आपला अभ्यासक पूर्वेकडे वळला, तरी त्याची दृष्टि बहुधा जावा, सुमात्रा, चंपा व कंबुज येथपर्यंत जाऊन थांबते. त्यापलीकडील बेटांविषयीं आपणांकडे दोन प्रकारचीं विधानें कानांवर येतात. स्पॅनिश लोक तेथें जाण्यापूर्वीं तेथें विद्या म्हणून कांहीं नव्हती, हें पहिलें. आणि तेथेंही आपल्या पूर्वजांनीं राज्य केलें, तेथील भाषांतील संस्कृत शब्द हीच त्याची साक्ष, हें दुसरें. पहिलें विधान अज्ञानांतून निघालें आहे व तें खोडून काढणें सोपें आहे. दुसरें अभिमानांतून निघालें आहे, आणि तें आपणांस गोड वाटतें. म्हणून त्याची तपासणी अधिक कसोशीनें झाली पाहिजे. प्रस्तुत लेखांत तीच करण्याचें योजिलें आहे.

(१) मूळ ग्रंथ व त्याचें अनुमान

दुसऱ्या विधानास विद्वत्तेचें पहिलें रूप मिळालें तें त्रिनिदाद एर्मेनेहिल्दो पार्दो दे तावेरा यांच्या ग्रंथानें. हे गृहस्थ १८५७ त मनिला येथें जन्मले व १९२५ त वारले. व्यवसायानें वैद्य, पॅरिस येथें शिक्षण घेत असतां त्यांनीं मलायी भाषेचाही अभ्यास केला. १८८४ त त्यांनीं फिलिपाईन बेटांतील जुन्या लिपींवर एक निबंध प्रसिद्ध केला आणि १८८७ त पॅरिस येथें ‘तागालोग भाषेंतील संस्कृत’ हा स्पॅनिश ग्रंथ. त्यांत तागालोगमधील संस्कृतोद्भव शब्द वर्णानुक्रमानें देऊन त्यांची मुळें दाखविलीं आहेत.

ग्रंथाचें अनुमान थोडक्यांत असें. हे शब्द केवळ व्यापारी मालाचे नाहींत. मनाचे व्यापार, नीति, विकार, देवदेवस्की, मोठ्या संख्या, पदव्या, युद्ध अशा विषयांचे आहेत. म्हणून हिंदू लोक तेथें नुसते व्यापारी म्हणून आले नसावेत; जेथें आज तागालोग, विसाया, पांपांगा व इलोको या सुसंस्कृत भाषा बोलल्या जातात त्या प्रदेशांवर त्यांचें प्रभुत्व असावें, व या भाषांची उंची ही त्या प्रभुत्वाचेंच फळ असावें.

हें अनुमान कोणत्या काळीं केलें गेलें हें लक्षांत ठेवलें म्हणजे ग्रंथकाराविषयीं आदरच वाटतो. त्या वेळीं त्या बेटांवर स्पेनचें राज्य होतें, आणि आमच्या आगमनापूर्वीं हे लोक रानटी होते असें सांगणारे लेखक पुष्कळ होते. त्यांस उत्तर म्हणून, आमच्या भाषेंत जगांतील एका प्राचीन व मान्य भाषेचे शब्द आहेत, असें दाखविणें हें स्वाभिमानाचें कार्य होतें. परंतु या उत्तराची किंमतही ग्रंथकारानें दिली. स्पॅनिश लेखक म्हणत कीं यांचें सर्व चांगलें आम्हीं दिलें. ग्रंथकाराच्या अनुमानाप्रमाणें तें हिंदूंनीं दिलें असें ठरतें. देणारा बदलला, घेणारा मात्र रिक्तहस्तच राहिला. पुढें १९२६ त कलकत्ता येथें बृहत्तर भारताचा अभ्यास करणारी संस्था निघाली आणि रमेशचंद्र मजुमदार यांचा ‘सुवर्णद्वीप’ हा ग्रंथ १९३७–३८ त, प्राचीन हिंदु वसाहतींवरील मालेचा भाग म्हणून, बाहेर पडला. त्या काळच्या वातावरणांत असें अनुमान आपणांकडेही सहज मान्य झालें यांत नवल नाहीं.

(२) शब्द कोणत्या वाटेनें आले

आतां शब्दच पाहूं. संस्कृत जाणणारास तागालोग शब्दसंग्रह चाळतांना पदोपदीं ओळखीचे चेहरे भेटतात. ‘गुरो’ म्हणजे शिक्षक. ‘आसा’ म्हणजे आशा. ‘साक्सी’ म्हणजे साक्षी. ‘मुक्-हा’ म्हणजे मुख, चेहरा. ‘बुद्-ही’ म्हणजे सदसद्विवेक. ‘दिवाता’ म्हणजे देवता. ‘कासुब्हा’ म्हणजे कुसुंभ, अर्थात् करडई. येथपर्यंत कोणासही शंका येऊं नये. परंतु ओळख पटली म्हणजे वाट कळली असें होत नाहीं. वाट कळण्यासाठीं शब्दांचीं रूपें बारकाईनें पाहावीं लागतात.

किंमत या अर्थीं तागालोगांत ‘हालागा’ हा शब्द आहे. त्याचें मूळ संस्कृत ‘अर्घ’. पण आरंभींचा हकार कोठून आला? संस्कृतांत तो नाहीं. मलायी भाषेंत मात्र हा शब्द ‘हार्गा’ असा आहे. भाग या अर्थीं तागालोगांत ‘बाहागी’ म्हणतात. शेवटची इकार-मात्रा ‘भाग’ शब्दांत नाहीं; मलायी ‘बाहागी’ मध्यें ती आहे. मान किंवा स्तुति या अर्थीं ‘पुरी’ हा शब्द आहे, मूळ ‘पूजा’. येथेंही अन्त्य इकार व ‘स्तुति’ हा अर्थ दोन्ही मलायी ‘पुजी’ मधले आहेत. जकाराचा तागालोगांत दकार होतो, आणि दोन स्वरांमधील दकार रकाराकडे झुकतो. त्यामुळें ‘पुजी’ चें ‘पुरी’ झालें. हाच जकार आरंभीं असतां दकारच राहतो: ‘जाल’ म्हणजे मासे धरण्याचें जाळें, मलायी ‘जाला’, तागालोग ‘दाला’. ‘चरित’ चें मलायींत ‘चेरिता’ म्हणजे गोष्ट झालें आणि तागालोगांत ‘सालिता’ म्हणजे बोलणें, शब्द. चकाराचा सकार व रकाराचा लकार हे दोन्ही बदल येथें एकत्र दिसतात. ‘वृत्त’ पासून मलायी ‘बेरिता’ व त्यावरून तागालोग ‘बालिता’, म्हणजे बातमी. ‘सूत्र’ चें मलायींत ‘सुतेरा’ म्हणजे रेशीम झालें. तागालोग ‘सुत्ला’ चा अर्थही रेशीमच, सूत नव्हे.

याहून बोलका पुरावा संख्यांचा आहे. तागालोगांत ‘लाक्सा’ म्हणजे दहा हजार, आणि ‘युता’ म्हणजे एक लक्ष. आपल्या गणनेंत नेमकें उलट: लक्ष म्हणजे शंभर हजार, अयुत म्हणजे दहा हजार. भारतीय व्यापारी किंवा भारतीय राजा तागालोग माणसापुढें बसून हिशेब शिकवीत असता तर लक्षाचें दहा हजार होणें शक्य नव्हतें. तेवढ्यानें व्यवहारच बुडाला असता. परंतु मलायी भाषेंतही ‘लाक्सा’ म्हणजे दहा हजारच. म्हणजे बदल वाटेंत झाला, आणि तागालोग लोकांनीं शब्द मधल्या मुक्कामावरून, तेथील बदललेल्या अर्थासह उचलला.

दुसरीही एक सूक्ष्म गोष्ट आहे. ‘मुक्-हा’, ‘दुक्-हा’, ‘कत्-हा’, ‘बुद्-ही’ या शब्दांत संस्कृत महाप्राणाचा हकार तागालोगांत वेगळा व स्पष्ट ऐकूं येतो. आजच्या मलायींत हेच शब्द ‘मुका’, ‘दुका’, ‘काता’, ‘बुदी’ असे हकारहीन आहेत. यावरून असें दिसतें कीं हे शब्द आजच्या मलायी रूपांवरून आलेले नाहींत. महाप्राण जेव्हां लिहिला व उच्चारला जात होता अशा जुन्या काळच्या रूपांवरून ते आले. वाट मलायी-जावानी जगांतून गेली. पण ती जुनी वाट आहे. पार्दो दे तावेरा यांस मलायी येत होतें. तरी शब्द कोणत्या भाषेंतून आला व त्या भाषेंत तो कोणत्या रूपांत होता, हा प्रश्न प्रत्येक शब्दास विचारला असता तर जें अनुमान त्यांनीं काढलें तें काढण्यास ते कचरले असते, असें माझें मत आहे.

येथेंच एक इशारा देणें जरूर आहे. तागालोगांत ‘दालिता’ म्हणजे यातना, दैन्य. मराठी वाचकास लगेच ‘दलित’ शब्द आठवेल. पण मलायी ‘देरिता’ व तिचें ‘धृत’ (सहन केलेलें) हें मूळ पाहिलें म्हणजे तो मोह सोडावा लागतो. तसेंच ‘बाहाला’ म्हणजे जबाबदारी, सांभाळणें. हा शब्द ‘बाथाला’ या देवाच्या नांवावरून आला असें लोक सांगतात. संस्कृत ‘भार’ हें मूळ अर्थानें व रूपानें दोन्हींकडून अधिक जुळतें. कानाला जुळलें म्हणून मूळ मानणें हा दोष यास्काच्या काळापासून आपल्या परिचयाचा आहे. समुद्र ओलांडल्यानें तो गुण होत नाहीं.

(३) शब्दांवरून राज्य सिद्ध होतें काय

ग्रंथकाराचा मुख्य आधार असा कीं, मनाचे व नीतीचे शब्द व्यापारी आणीत नाहींत, राज्यकर्ते आणितात. हें प्रमेय आपण आपल्या घरीं तपासूं शकतों. इमान, इज्जत, हिंमत, फिकीर हे शब्द मराठींत इतके मुरले आहेत कीं निरक्षर शेतकरीही ते रोज बोलतो. हे सर्व मूळ अरबी. ग्रंथकाराचा न्याय लावला तर महाराष्ट्रावर अरबांचें राज्य होतें असें म्हणावें लागेल. वस्तुस्थिति अशी कीं ते फारशींतून आले, आणि फारशी ही दख्खनच्या दरबारांची लेखनभाषा होती. अरब स्वतः आले नाहींत. त्यांचे शब्द दुसऱ्याच्या तोंडून आले. तागालोगांतील संस्कृताची स्थिति याच्याशीं अगदीं जुळती आहे.

उलट बाजूनेंही पाहावें. पगार, चावी, पाव, बटाटा हे पोर्तुगीज शब्द नागपूर-वऱ्हाडांतही सर्वांच्या तोंडीं आहेत. तेथें पोर्तुगीजांचें राज्य एक दिवसही नव्हतें. सारांश, उसना शब्द हा संबंधाचा पुरावा आहे. तो संबंध सत्तेचा, व्यापाराचा, विवाहाचा कीं शिष्यत्वाचा, हें शब्द सांगत नाहीं. त्यासाठीं दुसरा पुरावा लागतो.

शिवाय उसन्या शब्दांखालची मूळ जमीनही पाहिली पाहिजे. फिलिपाईन बेटांत दीडशेहून अधिक भाषा आहेत व त्या एका मोठ्या कुळांतल्या आहेत. हें कुळ पश्चिमेस मादागास्करपासून पूर्वेस ईस्टर बेटापर्यंत पसरलें आहे. तागालोगांत पांचास ‘लिमा’ म्हणतात. हवाईंतही ‘लिमा’, मादागास्करांत ‘दिमी’. एक ते दहा या संख्या, सर्वनामें, क्रियापदांची विलक्षण गुंतागुंतीची रचना, हें सर्व त्या कुळाचें आहे. संस्कृतानें तेथील भाषांचा सांगाडा घडविला नाहीं. अंगावर कांहीं अलंकार घातले. आणि ते अलंकारही त्यांनीं आपल्या मापानें मोडून घडविले. ‘परिभाषा’ हा आमच्या वैयाकरणांचा कोरडा शब्द; मलायींत त्यापासून म्हण या अर्थाचा शब्द झाला आणि तागालोगांत ‘पालिब्हासा’ म्हणजे उपरोध व पुढें ‘कारण कीं’ असें अव्यय. ‘भट्टार’ ही आमच्या ताम्रपटांतील राजांची व देवांची उपाधि. तागालोग लोकांनीं ती आपल्या सर्वश्रेष्ठ देवास ‘बाथाला’ म्हणून दिली. देव त्यांचाच, पदवी तेवढी परदेशची. ज्या शब्दाचा अर्थ घेणारानें स्वतः ठरविला, तो शब्द देणाराच्या सत्तेचा पुरावा कसा होईल?

(४) ताम्रपटाची साक्ष

दुसरा पुरावा लागतो असें वर म्हटलें. तो ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळानें आला. लुझोन बेटावरील लगुना प्रांतांत, मोठ्या सरोवरास मिळणाऱ्या लुंबान नदीच्या मुखाशीं वाळू उपसतांना सांपडलेला एक ताम्रपट १९८९ च्या सुमारास उजेडांत आला व १९९० मध्यें मनिला येथील राष्ट्रीय संग्रहालयाकडे विक्रीस आला. लांबी सुमारें ३० व रुंदी २० सेंटिमीटर, ओळी दहा. लिपि प्राचीन कवि, भाषा मुख्यतः जुनी मलायी. तींत संस्कृत, जुनी जावानी व जुनी तागालोग यांचें मिश्रण. आंतून पोस्तमा या डच मिशनऱ्यानें त्याचें वाचन करून १९९२ त तें सटीक प्रसिद्ध केलें.

लेखाचा आरंभ आपल्या वाचकांस घरच्यासारखा वाटेल. ‘स्वस्ति’ नंतर शकवर्षातीत ८२२, वैशाख मास, कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार. ‘अतीत’ म्हणजे गत वर्षें. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांतील ‘शकनृपकालातीत’ ही शब्दयोजना येथें आठवावी. गणित केलें असतां हा दिवस इ. स. ९०० च्या एप्रिलची २१ तारीख येतो, आणि त्या दिवशीं सोमवारच पडतो. महिना अमान्त धरला तरच हें जुळतें. पूर्णिमान्त धरल्यास वैशाख वद्य पक्ष एक महिना आधीं जातो. अमान्त गणना आपल्या दख्खनची म्हणून हा लेख दख्खनी माणसाचा, असें मात्र कोणीं म्हणूं नये. जावा बेटांतील लेखांतही शकगणना रूढ होती. त्या वर्षीं आपल्याकडे मान्यखेटास दुसरा कृष्ण राज्य करीत होता, एवढें समकालीनत्व नोंदवून पुढें जाऊं.

लेखाचा विषय काय? दान नाहीं, विजय नाहीं, वंशावळ नाहीं. नामवरान नांवाच्या एका माणसाचें कर्ज फिटलें, त्याची ही फारखत आहे. कर्ज सोन्याचें, एक काटी व आठ सुवर्ण. फारखत देणारा तुंडुन येथील सेनापति. तुंडुन म्हणजे आजच्या मनिला शहरांतील तोंदो असें मानतात. पाइलाहचा नायक जयदेव याचें नांव येतें. पुलिरान व बिन्वांगान येथील प्रमुखही येतात. नामवरानच्या अपत्यांपैकीं अंगकातान या कुलीन स्त्रीचा व बुकाहचा स्पष्ट निर्देश आहे, आणि त्यांच्या पुढील पिढ्याही ऋणमुक्त झाल्याचें सांगितलें आहे. कर्जानें माणूस व त्याचें कुटुंब बांधलें जात असे. म्हणून एका घराण्याच्या दृष्टीनें हा पत्रा सोन्याहून मोलाचा होता. पुढें कोणीं, हें कर्ज अद्याप फिटलें नाहीं असें म्हटल्यास, अशा अर्थाचें वाक्य सुरू होतें आणि तेथेंच पत्रा संपतो. दुसरा पत्रा मिळालेला नाहीं.

या दहा ओळींत संस्कृताच्या अभ्यासकानें थांबावें असा एक शब्द आहे: ‘शुद्धपत्र’. याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायांत असा नियम आहे कीं, ऋण फेडल्यावर मूळ लेख फाडून टाकावा, किंवा शुद्धीसाठीं दुसरा लेख करवून घ्यावा. हा ताम्रपट म्हणजे तो दुसरा लेख होय. आपल्या दप्तरांतील फारखतीचें हें हजार वर्षांपूर्वींचें भावंड आहे. ‘नायक’, ‘सेनापति’, ‘कायस्थ’ हे शब्दही आहेत. ‘कायस्थ’ पाहून कोणीं ज्ञातीचा इतिहास मनिलापर्यंत नेऊं नये. येथें तो लेखकाच्या अधिकाराचा वाचक दिसतो.

मग यावरून हिंदु राज्य सिद्ध झालें काय? नाहीं. ऋणकऱ्याचें नांव नामवरान, मुलांचीं अंगकातान व बुकाह. हीं संस्कृत नांवें नव्हेत. भाषा संस्कृत नाहीं, कानडी वा तमिळही नाहीं. त्या समुद्रावरील व्यापाराची जी भाषा, ती जुनी मलायी आहे. जावा बेटांतील लेखांत ‘जयपत्र’ ही संज्ञा येते. ‘शुद्धपत्र’ त्याच लेखनपरंपरेंतील. जावाशीं संबंध असलेले, स्वतःचे प्रमुख, स्वतःचे कायदे व स्वतःचे लेखक असलेले लुझोनवासी लोक या पत्र्यावर दिसतात. त्यांनीं दूरच्या व्यवहारशास्त्राचा एक शब्द आपल्या कामासाठीं वापरला. ज्यांस पार्दो दे तावेरा यांनीं शिष्य मानलें ते येथें कर्ते म्हणून उभे आहेत.

(५) खरा लेख व कूट लेख

हा पत्रा शास्त्रीय उत्खननांत सांपडलेला नाहीं. तो विक्रेत्यांच्या हातून आला. म्हणून संशय घेणें हें परीक्षकाचें कर्तव्यच होतें, आणि त्या देशांत त्यास विशेष कारणही होतें.

१९१४ त होसे मार्को नांवाच्या गृहस्थानें मनिलाच्या ग्रंथालयास कांहीं जुनीं हस्तलिखितें दिलीं. त्यांत कालांत्याव नांवाच्या राजानें १४३३ त केलेले अठरा कलमांचे कायदे होते. ग्रंथालयाचे प्रमुख जेम्स रॉबर्टसन यांनीं १९१७ त त्यांचें भाषांतर प्रसिद्ध केलें. पुढें हे कायदे पाठ्यपुस्तकांत गेले, न्यायशास्त्राच्या इतिहासांत गेले. कालांत्यावचें स्मारकही झालें. १९६८ त विल्यम हेन्री स्कॉट यांनीं सांतो तोमास विश्वविद्यालयास सादर केलेल्या प्रबंधांत स्पॅनिशपूर्व इतिहासाचें एकेक साधन तपासलें, व १९१४ पूर्वीं या कायद्यांचा मागमूस कोठेंही नाहीं, हे कागद बनावट आहेत, असें दाखवून दिलें. २००४ त त्या देशाच्या राष्ट्रीय इतिहाससंस्थेनेंही कालांत्यावास ऐतिहासिक आधार नसल्याचें जाहीर केलें. मध्यें नव्वद वर्षें गेलीं.

आपणांस कूट ताम्रपट नवे नाहींत. फ्लीट यांनीं दख्खन व कर्नाटकांतील असे अनेक पत्रे उघडे पाडले. तिथि व वार जुळत नाहींत, लिपि तारखेहून शतकांनीं अर्वाचीन, वंशावळ मागाहून जुळविलेली, या त्यांच्या कसोट्या होत्या. त्याच कसोट्या या दोन साधनांस लावून पाहाव्या. लगुनाच्या पत्र्यांत तिथि व वार जुळतात. लिपीचें वळण त्याच शतकांतील जावाच्या लेखांशीं मिळतें. भाषा अशी कीं ती बनविण्यास जुन्या मलायीचा असामान्य अभ्यास हवा. कालांत्यावच्या कायद्यांस मूळ लेख नाहीं, परंपरा नाहीं, समकालीन साक्षीदार नाहीं.

दोहोंच्या विषयांतील फरकही ध्यानांत घेण्याजोगा आहे. बनावट कागदानें वाचकांस हवें तें दिलें: एक राजा, एक कायदा, एक सन. पण तो कायदा असा कीं त्यांत माणसें उकळत्या पाण्यांत घालणें, मुंग्यांकडून खाववणें, बोटें तोडणें अशा शिक्षा आहेत. देशाभिमानानें स्वीकारलेल्या या कागदानें पूर्वजांवर क्रौर्याचा खोटा आळ आणला, आणि शाळकरी मुलांनीं तो पाठ केला. खऱ्या पत्र्यांत राजा नाहीं, दिग्विजय नाहीं. ऋण फिटल्यावर माणसास मोकळें करणारी व्यवस्था आहे. अभिमानास जागा हवीच असेल तर ती येथें आहे.

(६) लिपि व जिवंत वारसा

शेवटीं लिपीविषयीं. स्पॅनिश लोक आले तेव्हां तागालोग लोकांत ‘बायबायिन’ नांवाची लिपि चालू होती. विसाव्या शतकांत तिला ‘अलिबाता’ असें नांव अरबी वर्णक्रमावरून दिलें गेलें; त्यास जुना आधार नाहीं व तें टाकावें हें बरें. तीन स्वर, चौदा व्यंजनें. प्रत्येक व्यंजनांत अकार अंतर्भूत. वर टिंब दिलें कीं इकार-एकार, खालीं दिलें कीं उकार-ओकार. देवनागरी शिकलेल्या मुलासही ही ब्राह्मी कुळांतील लिपि आहे हें समजेल. शब्दाच्या शेवटचें किंवा मधलें स्वरहीन व्यंजन मात्र लिहीत नसत. ‘बुंदोक’ म्हणजे डोंगर, हा शब्द ‘बुदो’ एवढाच लिहिला जाई. लगुनाच्या पत्र्यावरील कवि लिपींत असें न्यून नाहीं. म्हणून बायबायिन ही थेट तिची मुलगी असें म्हणतां येत नाहीं.

स्पॅनिश पाद्र्यांस ही लिपि संदिग्ध वाटे. १६२० च्या सुमारास फ्रान्सिस्को लोपेस यांनीं इलोको भाषेंतील धर्मपुस्तकासाठीं हलन्ताचें चिन्ह म्हणून क्रूस योजिला. देशी लोकांनीं तो स्वीकारला नाहीं. मोडी वाचणारास यांत नवल वाटूं नये: मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, तरी भाषा जाणणारा कारकून कधीं अडखळला नाहीं. लिपीचें न्यूनत्व परक्यास दिसतें; घरचा माणूस तें भाषेच्या ज्ञानानें भरून काढतो.

ही लिपि पाद्र्यांनीं सरसकट जाळली असें सांगण्याची पद्धत आहे. उपलब्ध साधनें वेगळें सांगतात. १५९३ त मनिला येथें लाकडी ठशांनीं छापलेल्या ‘दोक्त्रिना क्रिस्तियाना’ मध्यें तागालोग मजकूर रोमन व बायबायिन अशा दोन्ही लिपींत आहे. तिची एकमेव ज्ञात प्रत १९४७ त अमेरिकेच्या काँग्रेस-ग्रंथालयास मिळाली. त्यांतील श्रद्धावचनांत ‘विश्वास ठेवणें’ या अर्थीं जें क्रियापद आहे तें ‘संप्रत्यय’ पासून आलेल्या ‘साम्पालाताया’ चें. ख्रिस्ती धर्माची मूळ प्रतिज्ञा अशी त्या बेटांत एका संस्कृतोद्भव शब्दांत बोलली जाते. १६०४ त पेद्रो चिरिनो यांनीं, जवळजवळ प्रत्येक स्त्रीपुरुषास लिहितां येतें, असें नमूद केलें. सांतो तोमास विश्वविद्यालयाच्या दप्तरखान्यांत १६१३ व १६२५ चीं बायबायिन लिपींतील दोन जमीनविक्रीचीं खतें आहेत. २०१४ त तीं राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालीं. लिपि मागें पडली ती मुख्यतः रोमन लिपि व्यवहारांत व कचेरींत अधिक उपयोगी पडूं लागल्यामुळें. आणि जुनें लेखन बांबू व पानें यांवर असल्यानें हवेनें व किडीनें गेलें. मोडीचा अंतही आपण डोळ्यांनीं पाहिला आहे. तिला कोणीं जाळलें नव्हतें.

परंतु सर्वच गेलें नाहीं. मिंदोरो बेटावरील हानुनुओ व बुहिद मांग्यान, तसेंच पालावान बेटावरील ताग्बानुवा यांच्यांत या कुळांतील लिपि चालू राहिल्या. हानुनुओ लोक सुरीच्या टोंकानें बांबूवर कोरतात, व सात-सात अक्षरांच्या ओळींचीं ‘अंबाहान’ नांवाचीं पद्यें रचतात. लगुनाचा ताम्रपट वाचणारे पोस्तमा हेच या लोकांत अनेक दशकें राहिले, व अंबाहानांचा मोठा संग्रह त्यांनीं केला. २०१६ त ते वारले. या लिपींची नोंद १९९९ त युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटांत झाली. मृत पत्रा वाचण्याची पात्रता त्यांस जिवंत माणसांच्या सहवासानें आली, ही गोष्ट आपल्या संशोधकांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे. बांबू थोड्या वर्षांत कुजतो. पद्य टिकतें तें पुढच्यानें पुन्हा कोरल्यामुळें. आपल्या पोथ्याही अशाच टिकल्या.

(७) निष्कर्ष

येणेंप्रमाणें तपासणी केल्यावर जें उरतें तें असें. तागालोगांतील संस्कृत शब्द खरे आहेत व पार्दो दे तावेरा यांनीं ते एकत्र केले, हें त्यांचें ऋण कायम आहे. ते शब्द बहुतांशीं मलायी-जावानी जगांतून आले. त्यांवरून भारतीय सत्ता सिद्ध होत नाहीं, आणि लगुनाचा ताम्रपट त्या अनुमानास दुजोरा देण्याऐवजीं त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. संस्कृताचा मान यानें कमी होत नाहीं. ज्या भाषेचा शब्द, राज्य नसतांना व सैन्य नसतांना, एका दूरच्या बेटावरील कर्जमुक्तीच्या पत्रांत जाऊन बसला, तिला दिग्विजयाच्या दंतकथेची गरज नाहीं.

आपल्या संग्राहकांस एक विनंती करून लेखणी ठेवितों. लगुनाच्या पत्र्याची सर्वांत मोठी उणीव ही कीं, तो नेमका कोणत्या थरांत व कशाच्या सोबत सांपडला याची नोंद नाहीं. तशी नोंद असती तर कदाचित् दुसऱ्या पत्र्याचा शोध घेतां आला असता. आपणांकडेही ताम्रपट व दप्तरें हातोहात फिरत येतात. ज्याच्या हातीं तीं येतील त्यानें वाचनापूर्वीं गांव, शेत, घर, सांपडण्याची तऱ्हा व सोबतच्या वस्तू लिहून ठेवाव्या. वाचनांतील चूक पुढचा अभ्यासक दुरुस्त करूं शकतो. हरवलेलें ठिकाण कोणीही परत आणूं शकत नाहीं.